शब्दांखालचा सूर

कथा लिहिताना मागे कोणते संगीत लावावे, असे लिहू लागलेली मुले-मुली हल्ली सर्रास विचारतात. कानांत हेडफोन असतो, मोबाइलवर एकाग्रतेच्या नावाने तासन्‌तास चालणारे काहीतरी लावलेले असते आणि पान कोरे असते. अनेक ज्येष्ठ या प्रश्नाला चोचला म्हणून झटकतात. मला तो लेखनाच्या मुळाशी जाणारा वाटतो. आणि तो तपासायचा तर दारे-खिडक्या बंद करून बसता येते अशा शहरी खोलीपेक्षा कनेरगाव नाक्यासारखी जागा चांगली, कारण तिथे शांतता गृहीत धरता येत नाही.

हिंगोली जिल्ह्यातले हे गाव मराठवाड्याच्या अगदी काठावर आहे. पैनगंगेपलीकडे वाशीम जिल्हा, म्हणजे विदर्भ. १९४८पर्यंत इथे निजामाचे राज्य संपायचे आणि वऱ्हाड सुरू व्हायचे. आज अकोल्याहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ इथून जातो आणि पूर्णा-अकोला लोहमार्गावरचे स्थानकही गावाच्या नावाचे आहे. त्यामुळे ट्रकचे हॉर्न रात्री-अपरात्रीही थांबत नाहीत. उन्हाळ्यात रसवंतीचे घुंगरू, लग्नसराईत डीजे, पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ आणि दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनच्या मळणीयंत्राचा दिवसभराचा आवाज. इथे बसून लिहिणाऱ्यासाठी पार्श्वसंगीत आधीच चालू असते. त्याला ठरवायचे एवढेच, की यातले काय झाकायचे आणि काय आत येऊ द्यायचे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. कथा लिहिताना ज्या संगीतात शब्द आहेत ते लावू नये. ज्या संगीताला स्वतःची गोष्ट सांगायची आहे तेही लावू नये. शब्दांच्या खाली एक न बदलणारा सूर धरून ठेवील तेवढेच संगीत कामाचे. आणि पात्रे बोलू लागली की तोही बंद करावा.

पहिल्या भागाला प्रयोगशाळेचा आधार आहे. १९७६ साली कॉले आणि वेल्श या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले, की समोर दिसणाऱ्या अक्षरांचा क्रम लक्षात ठेवताना मागे कुणी बोलत असेल, तर माणूस जास्त चुकतो. मागचे बोलणे जर्मन होते आणि ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हते, तरीही. पुढे सलामे आणि बॅडली यांनी संगीत तपासले तेव्हा वाद्यसंगीतापेक्षा गायलेले संगीत जास्त आड येते असे दिसले. म्हणजे 'मी इंग्रजी गाणी लावते, त्यांच्याकडे लक्ष जात नाही' ही पळवाट तितकीशी खरी नाही. माणसाच्या आवाजातली अक्षरे कानावर पडली, की अर्थ कळो न कळो, मनात शब्द जुळवण्याची जी जागा आहे तिथे ती घुसतात. कथालेखकाला नेमकी तीच जागा मोकळी हवी असते.

२००१ साली रॅन्सडेल आणि गिलरॉय यांनी तर प्रत्यक्ष लेखनच तपासले. विद्यार्थी संगणकावर निबंध लिहीत होते. मागे संगीत असताना त्यांच्या लिहिण्याचा ओघ मंदावला. २०१९मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी कल्पकता मोजणारी शब्दकोडी दिली. गाणे परक्या भाषेतले असो, ओळखीचे असो की नुसते वाद्यसंगीत असो, कोडी कमी सुटली. ग्रंथालयातल्या कुजबुजीने आणि पानांच्या आवाजाने मात्र काही बिघडले नाही. याच्या उलट दिशेचा म्हणून २०१२चा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. चहाच्या दुकानात असतो तसा साधारण ७० डेसिबलचा गलका असेल, तर तो ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा आणि ८५च्या गोंगाटापेक्षा कल्पकतेला बरा, असा त्याचा निष्कर्ष. भारतीय नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. महामार्गालगतच्या टपरीवर ७० सहज भरत असावेत.

या प्रयोगांतले कुणीही कादंबरी लिहीत नव्हते, हे विसरता कामा नये. अक्षरांचा क्रम पाठ करणे वेगळे आणि दोन जावांचे भांडण रंगवणे वेगळे. तरी या संशोधनातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आवाज मोठा की लहान यापेक्षा तो बदलता आहे की स्थिर, याचा परिणाम जास्त होतो. सतत बदलणारा आवाज लक्ष ओढतो, एकसारखा आवाज मागे राहतो. आणि हे आपल्या बायकांना प्रयोगशाळेआधी शेकडो वर्षे ठाऊक होते.

जात्याची घरघर आठवून पाहा. पहाटेचा अंधार, दोघी समोरासमोर, खुंटा हातात आणि दगडावर दगड फिरण्याचा तो न बदलणारा आवाज. त्या आवाजावर ओवी सुचली. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आता ऐकायला मिळतात. लिहिता न येणाऱ्या बायकांची एवढी प्रचंड निर्मिती एका स्थिर आवाजावर उभी आहे. जाते गात नव्हते, म्हणून बाईला गाता आले. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या कवितेत ही ओवीची चाल कागदावर आलेली दिसते. म्हणजे हिंगोली जिल्ह्याला ही गोष्ट जुन्या काळची म्हणून सोडून द्यावी लागलेली नाही.

गोंधळाचे तसेच. संबळ कडाडतो, झांज वाजते, देवीची आवाहने होतात आणि उत्तररंगात गोंधळी आख्यान लावतो. इथून पुढे तो कथाकार असतो: राजा, राणी, सासू, चोर सगळ्यांची सोंगे आवाजाने उभी करणारा. तो बोलू लागला की संबळ दबतो आणि तुणतुणे चालू राहते. एक तार, एक स्वर. त्यावर कुणी टाळी देत नाही. पण ते थांबले तर आख्यानाखालची जमीन निघून गेल्यासारखी होईल. माहूरच्या रेणुकेचे रेणुराई गोंधळी या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या फिरले. परभणीच्या राजारामबापू कदमांचे नाव तर लोककलेच्या अभ्यासकांत आदराने घेतले जाते. हिंगोली १ मे १९९९ला वेगळा जिल्हा होईपर्यंत परभणीचाच भाग होता, तेव्हा ही परंपरा कनेरगावच्या घरचीच म्हणायची. पोवाड्याच्या डफामागे आणि तमाशातल्या वगामागेही हेच तुणतुणे आहे. गोष्ट सांगताना मागे काय वाजावे, याचे मराठी उत्तर शतकानुशतके तयार होते. आपण तो प्रश्न इंग्रजीत पडल्यासारखा परका करून घेतला.

पण सर्वांत पूर्ण उत्तर कीर्तनात आहे, आणि त्यासाठी कनेरगावहून फार लांब जावे लागत नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नर्सी हिंगोली तालुक्यातच आहे. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळामागे नामदेवांनी कीर्तन केले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले, ही कथा या जिल्ह्यात लहान मुलालाही माहीत असते. वारकरी कीर्तन नीट ऐका. मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग, गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी. अभंग गाताना हे सगळे एकत्र उसळते. मग महाराज निरूपणाला सुरुवात करतात आणि टाळ खाली येतात, मृदंगावरचा हात थांबतो. दृष्टांत सुरू झाला की फक्त आवाज. मध्येच प्रमाण म्हणून एखाद्या अभंगाचे चरण आले की टाळकरी ते उचलतात, दोन-तीन आवर्तने गर्जतात आणि पुन्हा मागे सरतात. गोष्ट आणि संगीत एकाच वेळी पुढे येत नाहीत. एक पुढे आले की दुसरे वाट देते. हे शिस्तीने बसवलेले आहे आणि कथा लिहिणाऱ्याने कागदावर जसेच्या तसे उचलावे असे आहे.

त्यातही सप्ताहातली वीणा. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री ती जमिनीवर टेकवायची नसते. पहारे ठरलेले असतात. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पारायण चालू असते, मंडपात पंगती उठतात, पोरे धावतात, कुणीतरी भोंग्यावरून देणगीदारांची नावे वाचते, आणि वीणा चालूच. ती ऐकायला कुणी आलेले नसते. तरी सप्ताह अखंड आहे याचा पुरावा तीच.

फ्रेंच संगीतकार एरिक साती याने १९१७च्या सुमारास खोलीतल्या सामानासारखे, लक्ष न देता ऐकायचे संगीत कल्पिले. १९२०मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात मध्यंतरात ते वाजवले, तर लोक गप्प बसून ऐकू लागले आणि साती त्यांना 'बोला, फिरा' असे विनवत राहिला. पुढे १९७८मध्ये ब्रायन ईनोने विमानतळासाठी म्हणून तशा संगीताची तबकडी काढली आणि आजचे 'अँबियंट' संगीत त्या वाटेने वाढले. या दोघांबद्दल मला आदर आहे. पण लक्ष न देता सोबत ठेवायचा सूर ही कल्पना मंडपातल्या वीणेकऱ्याला कुणी समजावून सांगावी लागली नसती.

आता आजच्या निवडीकडे येते. तंबोरा हा माझा पहिला पर्याय. पहिली तार पंचमाची किंवा मध्यमाची, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात आणि त्यामुळे प्रत्येक छेडीतून वरचे स्वर उमलत राहतात. म्हणून तंबोरा एकसुरी असूनही निर्जीव वाटत नाही. कान त्यात विसावतो, अडकत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोबाइलवरचे तंबोऱ्याचे ॲप त्याची जागा घेणार नाही, पण ट्रकचा हॉर्न झाकायला पुरते. स्वर आपल्या बोलण्याच्या पट्टीपेक्षा खाली ठेवावा आणि आवाज इतका कमी, की मनातले वाक्य त्याच्यावर चढून ऐकू यावे.

वर्णन लिहिताना, म्हणजे उन्हाळ्यातली पैनगंगा, कोरडे पात्र, वाळूतला झिरा असे काही उभे करताना, आलापीही चालते. झिया मोहिउद्दीन डागरांच्या रुद्रवीणेचा आलाप, किंवा अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित बढत, ज्यात बंदिशीचे शब्द जवळजवळ विरघळलेले असतात. ताल पुढे येत नसला की वाक्याला आपली लांबी सापडते. द्रुत गत लावून लिहिले तर वाक्ये आपोआप आखूड होतात, ठोक्यावर पडतात. पाठलागाचे प्रकरण असेल तर ते बरे वाटेलही. पण मग तो वेग कथेचा नसतो, तबलजीचा असतो.

'कॉल ऑफ द व्हॅली' हा शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा १९६७चा अल्बम अनेकांच्या लेखनाच्या यादीत असतो. मला तो अतिशय प्रिय आहे आणि म्हणूनच लिहिताना तो लावू नये असे मी सांगते. काश्मीरमधल्या धनगराचा एक दिवस पहाटेच्या अहिर भैरवापासून त्यात सांगितलेला आहे. संतूर, बासरी आणि गिटार मिळून तिथे आधीच एक कथा चालू असते. एका खोलीत दोन कथा मावत नाहीत.

याहून मोठा धोका उसन्या भावनेचा. आईच्या मृत्यूचा प्रसंग लिहिताना सारंगी लावली, डोळे भरून आले, पान लिहून झाले. पाणी सारंगीने आणलेले असते आणि श्रेय आपण वाक्याला देतो. वाचकाच्या घरी सारंगी नसते; त्याच्या हाती फक्त वाक्य पडते आणि ते कोरडे निघते. अलीकडे काही कीर्तनांत करुण दृष्टांताखाली कीबोर्डवर रडवी धून सोडतात तेव्हा मला हेच दुःख होते. ज्या परंपरेने निरूपणाच्या वेळी टाळ खाली ठेवायला शिकवले, तिथे शब्दांवरचा विश्वास असा ढळावा हे बरे नाही.

स्टीफन किंग हार्ड रॉक लावून लिहितो, हे त्याने लेखनकलेवरच्या २०००च्या पुस्तकात सांगितले आहे, आणि त्याचा दाखला नेहमी माझ्यासमोर ठेवला जातो. त्याच्यासाठी ते संगीत दार बंद करण्याचे साधन आहे. जग बाहेर ठेवणारी भिंत. हारुकी मुराकामी कादंबरीकार होण्याआधी, १९७४पासून, जॅझचा बार चालवत होता आणि लेखनाची लय आपण संगीतातून शिकलो असे त्याने वारंवार म्हटले आहे. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगीतातून शिकणे हे आधी होते. लिहिताना ते शरीरात मुरलेले असते. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. १९४४मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, डफ-तुणतुण्यावर पोवाडे आणि लावण्या गाजवल्या. मग १९५९मध्ये 'फकिरा' आली. त्या गद्याची धाव शाहिराची आहे. अरुण कोलटकर पखवाज शिकले, तेही असेच दुरून येऊन कवितेत मुरलेले शिक्षण. उलट साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये पाच दिवसांत लिहून काढली. तिथे कसले संगीत! पण त्या पुस्तकात आईच्या तोंडचा प्रत्येक शब्द ऐकून लिहिल्यासारखा आहे.

संवाद लिहिताना सगळे बंद करा, हा माझा हट्ट यातूनच येतो. आणि कनेरगाव नाक्यावर तो पटकन पटतो. नदीच्या अलीकडचा माणूस 'तू काय करायलास?' विचारतो, पलीकडचा 'काय करून राह्यला?' म्हणतो. अलीकडे 'कामून', पलीकडे 'काहून'. अलीकडे 'मला', पलीकडे 'मले'. एसटीची वाट पाहणाऱ्या घोळक्यात दोन्ही बोल्या एका बाकावर बसलेल्या असतात. समजा कथेत हिंगोलीकडची मुलगी वाशीमकडे दिली आहे. पहिल्या दिवाळीला माहेरी येते तेव्हा ती 'मला'च म्हणते. कधीतरी, दोन लेकरांनंतर, भावाशी बोलताना तिच्या तोंडून 'मले' जाते आणि आई चमकून बघते. सगळी कथा त्या एका अक्षरात आहे. आणि लेखकाच्या कानात त्या वेळी हिंदी सिनेमाचे गाणे चालू असेल तर ते अक्षर त्याला ऐकू येणार नाही. दोघीही पाठ्यपुस्तकातले मराठी बोलू लागतील. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६०ची. तिच्यातली कौतिक आजही जिवंत वाटते ती तिच्या वऱ्हाडी बोलण्यामुळे. ते बोलणे कानाने टिपलेले आहे. मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवर वाढलेल्या मुलांकडे दोन बोल्यांचे कान उपजत आहेत. ही केवढी श्रीमंती! ती हेडफोनने बुजवू नये, एवढी माझी कळकळ आहे.

मग डीजेचे काय करायचे, हा रास्त प्रश्न आहे. डीजेत शब्दही असतात, ठोकाही असतो, आणि त्याच्यावर तंबोरा चढत नाही. तेव्हा लिहू नये. नुसते वाचन करावे, नाहीतर लग्नात जाऊन बायकांचे बोलणे ऐकावे. मळणीयंत्र मात्र लिहिणाऱ्याचा मित्र आहे. मोठे असले तरी एकसारखे आहे, काही वेळाने कान त्याला सोडून देतो. पंख्याचे, पावसाचे, दूर जाणाऱ्या मालगाडीचेही तसेच. आकाशवाणी परभणीवरची गाणी जुनी आणि कितीही गोड असली तरी ती लिहून झाल्यावर ऐकावीत. लिहायला बसण्याआधी मात्र मनसोक्त ऐकावे. कुमार गंधर्व, किशोरीताई, भजनी मंडळ, काय हवे ते ऐकावे. घटकाभर असे ऐकले की मनातली दिवसभराची बडबड थांबते. मग ते बंद करून बसावे.

खर्डा झाल्यावर एक काम उरते ते पूर्ण शांततेत, पण मोठ्याने करायचे. वाचून बघायचे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांनी स्वतः आणि पुढे त्यांची कन्या वीणा देव यांनी वर्षानुवर्षे केले. सभागृहात फक्त माणसांचे आवाज, आणि श्रोते खिळलेले. दांडेकर तरुणपणी गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले होते आणि समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत, तिच्याकडून उत्तर वदवून घेत चालणारे ते कीर्तन त्यांनी ऐकले होते. त्यांचे गद्य मोठ्याने वाचावेसे वाटते, यामागे ते ऐकणे असावे असे मला वाटते. जे वाक्य मोठ्याने म्हणताना जिभेला अडते, ते सारंगीच्या आधाराने लिहिलेले आहे असे खुशाल समजावे आणि पुन्हा लिहावे.

एक मागणी करून थांबते. तंबोऱ्याचा तासभर चालणारा सूर कुठल्याही मोबाइलवर मिळतो. तसे तुणतुणे मिळावे. सप्ताहातल्या वीणेचा एक अखंड पहारा, मंडपातल्या बारीक आवाजांसकट, मिळावा. जात्याची नुसती घरघर, ओवीशिवाय, मिळावी. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तिथल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या सप्ताहात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन रात्रीच्या पहाऱ्याला बसावे, नर्सीपासून सुरुवात करावी आणि कनेरगावपर्यंत यावे. वीणेकऱ्याचे नाव, गाव, तिथी आणि पहाऱ्याची वेळ ध्वनिफितीबरोबर नोंदवावी, आणि ते सगळे फुकट ऐकता येईल असे ठेवावे.